शिलेदाराच्या घरचं खोगीर

माझा जन्म म्हैसूरचा, नजरबादातला, आन आमचं घर शिलेदाराचं, हे पहिलं लिहा, कारण आमच्या अप्पासाहेबांनी तेच पहिलं सांगितलं असतं. तुम्ही पुण्याच्या, तुम्हाला ठावं असंल, तरी सांगते, ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार, आन जो दुसऱ्याच्या घोड्यावर बसून लढाईला जातो तो बारगीर. आमचे खापरपणजोबा महाराजांच्या फौजेत सात घोडे घेऊन आले म्हणे. कवा आले, कुठल्या गावाहून आले, कुणाला ठावं न्हाई, पण सात घोडे सगळ्यांना पाठ. मी जन्मले तवा घरात घोड्याची शेपटीसुद्धा न्हवती, होतं ते एक खोगीर.

बाहेरच्या खोलीत लाकडाच्या घोडीवर ते बसवलेलं होतं, वरून लाल मखमल, आत कापूस. रोज त्याला फूल, सणाला हळदकुंकू, आन दसऱ्यात आयुधपूजेला त्याचा असा थाट की देवघरातल्या देवाला हेवा वाटावा. घरात पावसाचं पाणी गळायचं, आऊ आधी खोगिराच्या वर पातेलं धरायची, मंग आमच्या अंथरुणाकडं बघायची. आऊ म्हंजे माझी आई. बडा घर पोकळ वासा म्हणतात न्हवं, तो वासा मी डोळ्यानं बघितलाय. अप्पासाहेब, म्हंजे माझे वडील, सरकारी कचेरीत गुमास्ते, सकाळी डबा घेऊन पायी जायचे, साहेब आला की उठून उभे राहायचे, पण घरी आले की शिलेदार. दुसऱ्याच्या खुर्चीवर बसून पोट भरणारा माणूस, काय सांगू तुम्हाला, आन तो बारगिराला नावं ठेवायचा. हे मला तवा सुचलं न्हाई, चाळीस वर्सं हुळी ढवळताना सुचलं.

हुळी म्हंजे आमच्याकडचं सांबारच, नोडी, म्हंजे बघा, मी कानडी बोलते मधीमधी, तुम्ही मराठीत घाला पायजे तर. आमच्या घरचं मराठी असंच, निम्मं आजीचं, निम्मं शेजारणीचं.

आम्ही दोघं भावंडं, मी मोठी, सगुणा माझं नाव, आन माझ्या पाठचा यशवंत. मला घरात काम न्हाई करू द्यायचे. आऊ करायची, मी न्हाई. शिलेदाराच्या लेकीनं चुलीपुढं बसू न्हाई, बाजारात जाऊ न्हाई, नोकरी करू न्हाई. मॅट्रिक झाले आन बसले. माझ्याबरोबरच्या पोरी टाइपिंगला जायच्या, शिवणाला जायच्या, त्यांच्या सायकलच्या घंट्या मी खिडकीतून ऐकायची. मला एकच काम होतं, खोगिराची धूळ झटकायची. मी आन ते खोगीर, दोघं बाहेरच्या खोलीत, आल्यागेल्याला दाखवायला.

मंग तो मनोहर. लष्कर मोहल्ल्यात त्याच्या बापाचं दुकान, गाडीच्या सीटा शिवायचं, बसच्या, रिक्षाच्या, लग्नाच्या खुर्च्यांच्या गाद्या पण. मराठेच, आमच्यासारखेच म्हैसुरात पिढ्या काढलेले, पण बारगिराचं घर. त्याचा आजा आमच्या पणज्याच्या घोड्यावर बसलेला म्हणे. दर दसऱ्याच्या आधी खोगिराचे टाके उसवलेले असायचे, ते शिवायला आधी बाप यायचा, मंग त्याचे डोळे गेले तवा मनोहर यायला लागला. तीन दसरे आला. पुढच्या ओट्यावर खोगीर घेऊन बसायचा, आन दाभणात दोरा ओवून द्यायला आऊ मला बसवायची, कारण आऊला दिसायचं न्हाई आन यशवंत शाळेत.

तुम्ही हसू नका, घडलं काहीच न्हाई. दोरा ओवून दिला, त्यानं घेतला. तिसऱ्या दसऱ्याला खोगिराला नाक लावून तो म्हणाला, ह्याला घोड्याचा वासच न्हाई राहिला, नुसता उदबत्तीचा येतो. मी हसले. एवढ्या मोठ्यानं हसले की आऊ आतून आली. त्या घरात खोगिराला कुणी हसलं न्हवतं आजवर. तो पण हसला, आन जाताना म्हणाला, टाके पक्के घातलेत, तुमचं खोगीर आता दहा वर्सं उसवत न्हाई. मला वाटलं, अय्यो, मंग हा दहा वर्सं येणार न्हाई.

पण त्याची आईच आली, एका शुक्रवारी, नारळ, फुलं, खण घेऊन. अप्पासाहेबांनी तिला खुर्ची न्हाई दिली, चटईवर बसवलं. तिनं पोरासाठी मला मागितली, सरळ, पदर पुढं करून. मी दाराआड. अप्पासाहेब ओरडले न्हाईत बघा, ओरडले असते तर बरं. ते हसले. म्हणाले, ज्याच्या आजानं आमच्या घोड्यावर बसून पोट भरलं त्याच्या चुलीला आमची पोर? आन वर म्हणाले, मी काय जुलमी बाप न्हाई, तिलाच विचारू. मला बाहेर बोलावलं. समोर ती बाई चटईवर, तिच्या पदरात नारळ तसाच. अप्पासाहेब म्हणाले, सगुणे, तुझी काय इच्छा?

आता ऐका, हे नीट लिहा. सगळे म्हणतात बापानं केलं, कुळानं केलं. त्यांनी केलंच. पण मला विचारलं होतं. आन मी म्हणाले, तुम्ही म्हणाल तसं.

मला तेवढंच शिकवलेलं. त्या घरात पोरीला तीन शब्द शिकवले होते, तेच आले तोंडात. त्या बाईनं माझ्याकडं बघितलं, अजून मला ती नजर दिसते, राग न्हवता, कीव होती. उठली, खण मात्र आऊच्या हातात ठेवून गेली.

मंग सुरू झाली स्थळं. बेळगावचं आलं, तंजावरचं आलं, एक संडूरकडचं. अप्पासाहेब आधी कुळी विचारायचे, मंग घोडे विचारायचे. अहो, बँकेत कारकून असलेल्या माणसाला ते विचारायचे, तुमच्या पणजोबांचे घोडे किती! एकाचे चार निघाले, म्हून नको. एकाचे नऊ निघाले, त्यांनी आम्हाला नको म्हटलं. हे गंमत म्हणून सांगते, तवा गंमत न्हवती. अठ्ठावीस उलटली, केसात पांढरं दिसायला लागलं. आन आता यशवंतला पोरी सांगून यायला लागल्या. त्याला कुणी घोडे न्हाई विचारले. मुलाला कुठलीही चालते, मुलगी तेवढी वरच जायला पायजे. पण मोठी बहीण बिनलग्नाची घरात बसलेली, त्याचं कसं करायचं? मी त्या घरातली खोगीरभरती झाले, काढून टाकता येईना आन ठेवून उपयोग न्हाई.

नात्यातल्या कुणीतरी तोड काढली. कृष्णराजनगरच्या पुढं कावेरीकाठी बायांचा मठ हाय, हाच, जिथं तुम्ही बसलाय, तिथं चांगल्या घरच्या बाया संन्यास घेतात. पोर मठाला दिली की घराण्याची मान उंच. बारगिराकडं दिली असती तर खाली गेली असती, देवाला दिली की वर. आऊ रात्रभर रडली, सकाळी मला म्हणाली, तिथं चार माणसं तुझ्या पाया तरी पडतील, पापा. पापा म्हंजे कानडीत बिचारी. लेकीला बिचारी म्हणून निरोप दिला माऊलीनं.

मला विचारलं का ह्या वेळी? विचारलं. मी काय म्हणाले ते तुम्हाला ठावंच हाय.

संन्यास घेताना काय करतात माहिताय? स्वतःचं श्राद्ध स्वतः घालतात. मागचं माणूस मेलं, असं. मी नदीत उभी राहून माझ्या हातानं माझा पिंड केला, भात जरा चिकट झाला होता, हाताला लागून राहिला, धुतला तरी जाईना. डोकं भादरलं, भगवं नेसवलं, निर्ममा, म्हंजे जिला माझं-माझं न्हाई ती, असं नाव ठेवलं, मठाच्या मोठ्या अम्मांनी सांगितलं की आता सगुणा कुणी न्हाई, त्या नावानं हाक आली तरी ओ द्यायची न्हाई. आन मंग रीत अशी की घरच्यांनी पाया पडायचं. आऊ पडली. यशवंत पडला. अप्पासाहेब आले, फेटा काढला, वाकले, आन माझ्या पायावर डोकं ठेवलं. ज्या माणसाच्या पुढं मी मान वर केली न्हवती तो माझ्या पायाशी. लोक म्हणाले, केवढं भाग्य. मला वाटत होतं, आत्ता बोल, सगुणे, आता तुझा पाय हाय वर. पण सगुणा मेली होती ना, अर्ध्या तासापूर्वीच. तीन महिन्यांनी यशवंतचं लग्न झालं, थाटात. मला मंत्राक्षता पाठवायचा निरोप आला, म्हंजे मंतरलेल्या अक्षता. पाठवल्या. तवापासून आमच्या घरची रीतच पडली, कुठलंही शुभकार्य निघालं की आधी मठातून अक्षता, मंग पुढचं.

मठात मला स्वयंपाकघरात घातलं. ज्या पोरीनं घरी पाणी तापवलं न्हाई तिनं मठाच्या वसतिगृहातल्या शंभर पोरींचा भात शिजवायचा. पहिल्या दिवशी हात भाजला, हे बघा, अजून वण हाय. बाकीच्या बाया हसायच्या, सरदारीणबाई, भात ढवळा, तलवार फिरवल्यासारखं न्हाई. पण शिकले. खोटं कशाला बोलू, स्वयंपाकघर मला आवडलं. पहिल्यांदा कुणीतरी मला काम दिलं. पोरी जेवून ताटं चाटायच्या तवा बरं वाटायचं. मनोहरच्या घरी दहाजणांचा केला असता, इथं शंभराचा केला, भात तोच, अल्वा?

न्हाई, तोच न्हाई. सुम्ने, उगीच म्हणायचं आपलं.

आऊ गेली तो निरोप जेवणाच्या पंगतीत आला. माझ्या एका हातात हुळीचं भांडं, दुसऱ्यात डाव. मी थांबले. मोठ्या अम्मा म्हणाल्या, संन्याशाला सुतक न्हाई निर्ममे, तुझं कोण गेलं? वाढ. मी वाढत गेले. एका पोरीच्या ताटात तीनदा वाढलं, ती पापा घाबरून बोलली न्हाई, सगळं खाल्लं तिनं. त्या दिवशी आंघोळ न्हाई, रडणं न्हाई. अप्पासाहेब गेले तवा मी विचारलं पण न्हाई कुणाला. यशवंत वर्षातून एकदा, दसरा झाला की यायचा, फळं घेऊन, पायाला हात लावून अम्मा म्हणायचा. एकदा तरी चुकून अक्का म्हणंल म्हणून मी त्याच्या तोंडाकडं बघत बसायची. चुकला न्हाई कवाच. शिस्त आमच्या घरची.

मोठ्या अम्मा गेल्या आन वयानं मीच मोठी राहिले. मंग ह्या माघातली गोष्ट, जिच्यासाठी मी तुम्हाला बसवून घेतलंय. यशवंतचा निरोप आला, चैत्राचं ठरतंय, अक्षता पायजेत, आम्ही सगळे येतो. चैत्रा त्याची एकुलती पोर, कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते, मराठी तिला मोडकंतोडकं येतं. बरोबर मुलाचे आईबाप. मी अक्षतांचं ताट घेऊन बसले होते. मुलगा आला, उंच, हसरा, आईकडची गोरी कांती. मागून त्याचा बाप काठी टेकत आला.

मनोहर. मी लगेच ओळखला. माणूस म्हातारा होतो पण हात बदलत न्हाईत, बोटांना दाभणाचे घट्टे तसेच. तो वाकला, माझ्या पायाला हात लावला आन म्हणाला, अम्मा, पोरांना आशीर्वाद करा. मला त्यानं ओळखलं न्हाई. भादरलेलं डोकं, भगवं कापड, आन यशवंतनं मठातली अम्मा एवढंच सांगितलेलं असणार, कोण ओळखणार. वाईट वाटलं म्हणू का? वाटलं. मी त्याला चाळीस वर्सं विसरले न्हाई आन त्याला मी आठवायलासुद्धा राहिले न्हवते. मुलाकडं बघून मनात काय आलं तेही लिहा, लाजायचं काय त्यात आता. हा माझा असता, असं आलं.

मंग यशवंत बोलायला लागला. म्हणाला, भाऊबंद कुरकुर करतायत अम्मा, बारगिराचं घर म्हणून, पण आता कोण बघतं हो हे, काळ बदलला. असं, बघा. सुपारी कातरता कातरता म्हणाल्यासारखं. काळ बदलला. मी विचारलं, कवा बदलला? त्याला कळलं न्हाई. म्हणाला, तुमच्या हातच्या अक्षता मिळाल्या की कुणी तोंड उघडणार न्हाई.

तेवढ्यात मनोहर यशवंतला म्हणाला, तुमच्या घरी एक खोगीर होतं, मी शिवलंय ते पूर्वी, अजून हाय का हो? आन यशवंत म्हणाला, कुठलं, वाळवी लागली होती त्याला, एक रिसॉर्टवाला मागत होता, देऊन टाकलं, भिंतीवर लावलंय त्यांनी जेवायच्या हॉलात, छान दिसतं.

मी हसले. ओट्यावर हसले होते तशी, मोठ्यानं. सगळे दचकले. आन हसता हसता मनात म्हणत होते, ज्याच्यापायी मला पुरली ते तुम्ही देऊन टाकलंत? एका शब्दानं मला सांगावंसं न्हाई वाटलं? मी ताट मांडीवर ओढून घेतलं. म्हणाले, आन मी अक्षता दिल्या न्हाईत तर?

मला माहीत होतं, मी न्हाई म्हटलं की हे मोडतंय. भाऊबंदांना तेच पायजे होतं, आन यशवंतला माझ्या पदराआड लपायचं होतं, पदर काढला की तो उघडा. अप्पासाहेबांकडं जी ताकद होती ती आज माझ्या मांडीवर ताटात होती. आन मला ती वापरायची होती. खरंच वापरायची होती, साध्वी-बिध्वी काही समजू नका मला. यशवंत हात जोडून म्हणाला, तुम्ही म्हणाल तसं.

माझेच तीन शब्द. त्याच घरातले. मी त्याच्याकडं बघतच राहिले, साठी उलटलेला माणूस, पोरीचा बाप, आन त्यालाही तेवढंच शिकवलेलं. मंग मी चैत्राला विचारलं, मुली, तुझी काय इच्छा?

ती जीन्स घालून मांडी ठोकून बसली होती. म्हणाली, अत्ते, सॉरी हं, तुम्ही बेडा म्हटला तरी मी करणार. तुम्ही दिलं तर खुशी होते मला. पण करणार.

बेडा म्हंजे नको. अत्ते म्हंजे आत्या. यशवंत तिच्यावर खेकसला, अम्मा म्हण, आन ही म्हणाली, का, अत्तेच ना त्या? एवढं सोपं होतं. एवढंच म्हणायचं असतं, तुम्ही नको म्हणालात तरी मी करणार, सहा शब्द, आन आभाळ कोसळत न्हाई, चटईवरची बाई नारळ घेऊन परत जात न्हाई. मला त्या पोरीचा राग आला, तिला हे कुणी शिकवलं म्हणून. आन तिला उचलून कडेवर घ्यावंसं वाटलं. दोन्ही एकदम.

मी ताट पुढं केलं. पोराच्या ओंजळीत दिल्या, पोरीच्या डोक्यावर टाकल्या, मनोहरच्या बायकोला दिल्या, साधी बाई हाय, डोळे पुसत होती. मनोहरला देताना म्हणाले, टाके पक्के होते तुमचे. त्यानं अक्षता रुमालात बांधल्या. कळलं असंल, नसंल, मला ठावं न्हाई, आता त्याचा काय उपयोग. यशवंत जाताना परत पाया पडला. मी त्याला म्हणाले, यशू, परत पाया पडू नकोस माझ्या, मला बरं वाटत न्हाई. तो म्हणाला, बरं, अम्मा.

लग्न झालं मागच्या महिन्यात. संन्याशाला लग्नाला जाता येत न्हाई, मी इथंच होते, पोरींना हुळी वाढत होते. चैत्रानं मठाच्या फोनवर फोटो पाठवले, परवा स्वतः येऊन गेली नवऱ्याला घेऊन, दारातूनच अत्ते म्हणून हाक मारली. जुन्या नात्याच्या हाकेला ओ द्यायची न्हाई असा नियम. मी दिली ओ.

तुम्ही मघाशी विचारलंत राग गेला का. न्हाई गेला. कावेरीत चाळीस वर्सं बुडी मारतेय, न्हाई गेला, माझ्याबरोबरच जळंल तो. पण त्या अक्षता निवडायला मी दोन दिवस बसले होते, एक खडा न्हाई राहू दिला, आन माझ्या रागातला एक दाणासुद्धा त्यात न्हवता. पोर सुखी राहो, तिची लेक तिच्याहून मोठ्यानं बोलो. बास.

आन वर नाव निर्ममा घालू नका. सगुणा घाला.